पाचर

वाळूजला, आमच्या प्रेस शॉपमध्ये
एक फळा लागला.
अठ्ठावीस नावं, नावापुढं तारे.
पुण्याहून आलेल्या दामले मॅडम म्हणाल्या,
ज्याबद्दल शाबासकी मिळते, माणूस ते पुन्हा करतो.
मी वहीत लिहून घेतलं.
शेळी हिरव्याकडं वळते
हे गावाकडं मला आधीच ठाऊक होतं,
पण ते कुणी वहीत लिहायला सांगितलं नव्हतं.

तारे माझ्या ताब्यात.
शाळेच्या पोरांचं पाकीट, चमकीचं.
पाळी सुटताना मी अंगठ्यानं एकेक दाबून बसवायचो
आणि चाळिशी ओलांडलेले गडी
हात पुसत फळ्यापाशी थांबायचे.
ब्रॅकेटचा आकडा अकराशेवरून चौदाशेवर.
भानुदास गोरे, दोन वर्षं माझ्याशी न बोललेला,
"सायेब, माझा कालचा राह्यला" म्हणत आला.
मीही हरखलो. खोटं कशाला बोलू.

लिंबाजी सूर्यतळच्या नावापुढं तर आभाळच.
सेनगावचा पोरगा, रांजणगावात चौघांत एक खोली,
तीन नंबरच्या प्रेसवर.
सोळाशे. सोळाशे चाळीस. सतराशे दहा.
मॅडमनी त्याचा फोटो काढला,
हसला नाही म्हणून दोनदा.

प्रेसला दोन बटणं असतात.
डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर,
दोन्ही दाबल्याशिवाय वरचा भार खाली येत नाही.
ज्यानं कुणी ती बनवली
त्यानं एवढंच विचारून ठेवलंय,
दर खेपेला, न कंटाळता:
बाबा, तुझे हात कुठं आहेत?

रात्रपाळी. पावणेतीन.
मी तीन नंबरपाशी थांबलो
आणि लिंबाजीचा डावा हात दिसला
डायच्या आत, पत्रा सरकवताना,
आणि डावं बटण तरी दबलेलं.
त्यात बाभळीची पाचर.
नीट तासलेली, कडा घासून गुळगुळीत,
पोरानं हौसेनं भोवरा करावा तशी.

मी मशीन बंद केलं.
"काऊन असं करायलास?"
तो माझ्याकडं बघत नव्हता, फळ्याकडं बघत होता.
"तुमीच तर तारे द्यायलेत."

बसमध्ये पाचर मांडीला टोचत राहिली.
अंगठ्यावर अजून चमकी होती,
राखेनं घासली तरी निघेना.

सकाळी मॅडमना फोन केला.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, आपण चुकीचं मोजलं.
त्या 'आपण' म्हणाल्या,
एवढ्यावर मी त्यांना माफ केलं.

फळा उतरवला नाही. पुसला.
आता पाळी लागताना चहा देतो आणि विचारतो:
काल कोण थोडक्यात वाचलं?
आठ दिवस नुसते चहाचे भुरके.
नवव्या दिवशी मीच सांगितलं,
चिखलठाण्याला असताना मीही बटणात वायसर ठोकायचो,
पाळीला सत्तर रुपये जास्त पडायचे,
आणि या करंगळीचं नख
तेव्हापासून असं वाकडं आहे.
कुणी हसलं नाही.
भानुदासनं कप खाली ठेवला,
"पाच नंबरपाशी तेल गळायलंय. मी परवा घसरलो."

आकडा साडेबाराशेवर आलाय.
मालक विचारतात, ते तारे का बंद केले,
चांगले चालले होते की.
मला अजून त्यांना पटेल असं
एका वाक्यात सांगता येत नाही.

काल लिंबाजी टेबलाशी आला.
महिनाभर नजर चुकवत होता.
खिशातून एक पाचर काढून ठेवली, लिंबाची,
पहिलीपेक्षा बारीक.
"ही माझी नाय," म्हणाला, "पण आता बटणात बी नाय."
कुणाची ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
दोन्ही आता एकाच ड्रॉवरमध्ये आहेत.

तिथंच ते पाकीट, चौदा तारे उरलेले.
पोरीला देऊन टाकावेत म्हणतो.
पण ती विचारेल,
कशाबद्दल?